सारसोळे शाखेची रिकामी खुर्ची

७ नोव्हेंबर १९८२, रविवार

आज धर्मराज वाशीहून सायकल हाणत आला आणि जाताना माझ्या गळ्यात अख्ख्या जगाची शांती अडकवून गेला. हा धर्मराज जालन्याकडचा, वाशीत कारकून आहे. आमची ओळख वाचनालयातली. एकाच वर्तमानपत्राचं एकेक पान धरून आम्ही समोरासमोर बसलो होतो आणि दोघांनाही दुसऱ्याचंच पान हवं होतं. माणूस सज्जन आहे, पण उत्साही. उत्साही माणसांची मला धास्ती वाटते.

त्याने एक पुस्तिका आणली होती. 'जागतिक सलोखा सभा'. महायुद्धानंतर युरोपात कुठेतरी निघाली, आता देशोदेशी शाखा आहेत म्हणे. "मास्तर, तुमच्या सारसोळ्यात एक शाखा काढू. सातच मानसं लागत्यात. फक्त सगळी एका घरची नसावीत," तो म्हणाला. मी म्हटलं, "आमचं सगळं गावच एका घरचं आहे, फक्त एकमेकांशी बोलत नाही." तो खूप हसला. मी काही विनोद केला नव्हता.

तरी पुस्तिका ठेवून घेतली. खरं सांगायचं तर मला गावात पुन्हा मान हवा आहे. नव्या शहरासाठी सरकार जमिनी घेणार अशा नोटिसा आल्या तेव्हा साहेब लोकांच्या शेजारी उभं राहून मी त्या गावाला वाचून दाखवल्या. गावात वाचता येणारा मीच. तेव्हापासून मी 'त्यांचा मास्तर' झालो. वाचणाऱ्याचा काय दोष, हे कोणी विचारत नाही.

१० नोव्हेंबर, बुधवार

पुस्तिका दोनदा वाचली. नियम म्हटले की मला बरं वाटतं. नियमाचं एक असतं, तो रुसत नाही.

रचना अशी. खाली शाखा. शाखांवर प्रांताचं मंडळ. त्याच्यावर जागतिक सभा, ती तीन वर्षांतून एकदा भरते. मुख्य कचेरी म्हणजे कुठल्याशा नदीकाठचं नावाड्याचं जुनं घर आहे, तेवढंच. आणि गंमत म्हणजे वरपासून खालपर्यंत अध्यक्षच नाही. बैठक चालवण्याची पाळी दर वेळी दुसऱ्याची. कायमचा माणूस एकच, कार्यवाह, आणि त्याचं काम झालेलं लिहून ठेवणं. निर्णय सगळ्यांच्या एकमतानं. एकानं जरी मान हलवली नाही तर काम थांबलं.

संस्थेचा इतिहास मात्र छापलेला नाही. लढाईतल्या दोन्ही बाजूंना पटेल असा तो लिहिताच आला नाही, म्हणून तोंडीच सांगतात, असं शेवटच्या पानावर आहे. शाखा निघाली की वर्षाच्या आत प्रांताचं कोणीतरी येऊन सांगून जाईल. नववा नियम तर एका ओळीचा आहे. 'प्रत्येक बैठकीत एक खुर्ची रिकामी ठेवावी.' का, ते लिहिलेलं नाही. नियमाला का विचारू नये.

१९ नोव्हेंबर, शुक्रवार

हिरामणनं पुन्हा जाळं माझ्या बाजूच्या अंगणात वाळत घातलं. हिरामण म्हणजे माझा धाकटा भाऊ. खाडीवर जातो. बापाचं घर एकच, मधे फळ्यांची आडभिंत, इकडे मी आणि माझी बायको पुतळा, तिकडे तो, त्याची बायको काशी आणि त्यांची मुलगी. आईची बाज पडवीत, दोघांच्या मधोमध.

आमचं भांडण नाही. अबोला आहे. भांडणात आवाज होतो, आमच्यात पाच वर्षं साधा खाकरा नाही. नोटिसा वाचून मी घरी आलो तेव्हा तो म्हणाला, "तू त्यांचा. आमचा नाय." मी म्हटलं, "बरं." त्यानंतर काही बोलायचं राहिलंच नाही. काही काम निघालं तर आई निरोप नेते.

म्हणून आईला म्हटलं, "आये, त्याला सांग, अंगण माझं आहे, जाळं उचल." आई गुडघ्यावर हात ठेवून उठली, फळ्या धरत पलीकडे गेली. फळ्यांतून सगळं ऐकू येतं. तिकडे जाऊन म्हणाली, "हिरा, दादा इचारतोय, जालं सुकला का रं? दव परंल त्याच्यावर." आता काय बोलावं. म्हातारीला ऐकू कमी येतं की लक्षात राहत नाही, कोण जाणे. परत येऊन म्हणाली, "तो बोलला, दादाला सांग, आत्ता उचलतंय." उचललं मात्र लगेच. शेवटी नमतं त्यालाच घ्यावं लागतं.

१२ डिसेंबर, रविवार

देवळात सात माणसं जमवायला बसलो. सितारामकाका पाटील, देवळाचे पंच, त्यांच्यावाचून गावात पान हलत नाही. त्यांनी पहिलाच प्रश्न टाकला. "अध्यक्ष कोन?"

मी म्हटलं, "अध्यक्ष नसतो."

"मंग हार कोनाच्या गल्यान घालायचा?"

तासभर त्यावरच काथ्याकूट झाला. एकजण म्हणाला, अध्यक्ष नसेल तर ही संस्था रीतसर नाही. दुसरा म्हणाला, रीतसर नाही म्हणूनच शांतीची आहे. धर्मराज हात जोडून समजावत होता. शेवटी काका म्हणाले, "हार तं आनू. मंग बघू कोनाला." तेव्हा कुठे सात नावं झाली. धर्मराज धरून.

हिरामण देवळाच्या पायरीशी उभा होता. विडी ओढत नव्हता, कोणाशी बोलत नव्हता, नुसता उभा. माझी फजिती बघायला आला असणार.

२६ जानेवारी १९८३, बुधवार

शाळेत झेंडावंदन झालं आणि त्याच व्हरांड्यात शाखा सुरू झाली. शाळेच्या चार खुर्च्या मांडल्या. एक पाळीच्या चालकाची, एक काकांची, कारण त्यांना सतरंजीवर बसता येत नाही, एक माझी, कार्यवाहाची. चौथी माझ्या समोर, रिकामी.

काकांनी झेंडूचा हार आणला होता, चांगला मनगटाएवढा. अध्यक्ष नाही. हार हातात घेऊन ते सगळीकडे बघायला लागले. हाताला रग लागली असावी. शेवटी त्यांनी तो रिकाम्या खुर्चीच्या पाठीवर टाकला आणि हात जोडले. बघून बाकीच्यांनीही जोडले. कोणीतरी नारळ ठेवला, कोणी उदबत्ती खोचली. मग मला उलगडा झाला. लढाईत एवढी माणसं मेली, त्यांच्यासाठी ही खुर्ची. आपण पितरांचं पान वाढतो आणि त्यावर जिवंत माणूस बसत नाही, तसंच हे. मी तसं भाषणात सांगितलं. बायकांनी डोळ्यांना पदर लावले. नववा नियम असा एका झटक्यात गावाला समजला, याचं मला समाधान आहे.

धर्मराज जाताना म्हणाला, "मास्तर, मला आपलं वाटतं, खुर्ची कुना जित्या मानसासाठी असंल. मेलेल्याला खुर्ची कशाला लागती?" मी म्हटलं, नियम मी वाचलेत. त्याने सायकलला टांग मारली.

१३ मार्च, रविवार

दिल्लीच्या परिषदेत कितीतरी देशांचे प्रमुख येऊन शांततेवर बोलून गेले, वर्तमानपत्रं भरून गेली आहेत. आपणही काही केलं पाहिजे म्हणून अणुबॉम्बच्या विरोधात ठराव घेतला. एकमतानं. बॉम्बवर एकमत व्हायला वेळ लागला नाही. मग काकांनी धक्क्यावरच्या पाण्याच्या नळाचा विषय काढला आणि दोन घरं उठून गेली. नळाचा विषय पुढच्या बैठकीवर ढकलला.

हिरामण आजही खिडकीपाशी. दर बैठकीला येतो. आत या म्हणायला काय तो पाहुणा आहे?

पुतळा जेवताना म्हणाली, "तुमी जगाला कागद लिवता. भावजींना एक हाक मारलीत तं काय जीभ झडंल का?" मी तिला म्हटलं, तुला यातलं कळत नाही. तिने वरण जरा जोरातच वाढलं.

१९ जून, रविवार

आज सकाळी दारात टोपलीभर बोईटं. ओली, चकचकीत. हिरामणचीच, दुसरं कोण टाकणार. ऐट आहे, मला दाखवायचं की बघ, तुझ्या पगारावाचून आमचं भागतं. आईला म्हटलं, "त्याला सांग, माझ्या दारात मासळी टाकू नको. मांजरं येतात."

फुकट जाऊ नयेत म्हणून पुतळाने कालवण केलं. लहानपणी आम्ही दोघं एकाच ताटलीत बोईटाचं कालवण खायचो. डोकं नेहमी तो मला द्यायचा. आज डोकं खाताना ते आठवलं, उगाच.

२६ जून, रविवार

पुन्हा टोपली. आधीपेक्षा मोठी. इतकं सांगूनही ऐकत नाही. याला म्हणतात सुंभ जळला तरी पीळ जात नाही. आईला विचारलं, सांगितलंस ना? ती म्हणाली, "सांगला की."

२३ ऑगस्ट, मंगळवार

नारळी पौर्णिमा. आमच्या गावात आज नारळ खाडीला दिला की ज्यांचा अबोला असेल त्यांच्या हातात पंच एकाच फोडलेल्या नारळाच्या दोन कवड्या, म्हणजे खोबऱ्याचे दोन अर्धे, देतात. खाल्ल्या की अबोला सुटला. काका मला शोधत घरी येऊन गेले, असं पुतळा म्हणाली. मी सकाळपासून वाशीला होतो, शाखेच्या कामाला. प्रांत मंडळाला जायचा अहवाल धर्मराजकडून इंग्रजीत करून घ्यायचा होता. तो उद्याही झाला असता. पण मला तिथे सगळ्या गावासमोर कवडी हातात घेऊन उभं राहायचं नव्हतं, हे इथे लिहायला हरकत नाही.

येऊन बघतो तर आईच्या बाजेवर एक कवडी वाटीखाली झाकलेली. "हिरानं त्याची खाल्ली," ती म्हणाली. मग निघता निघता तिला सांगितलं, "त्याला सांग, रविवारी सभेला येऊन दारात उभा राहत जाऊ नको. लोक बघतात." आणि मी अहवाल ठेवायला शाळेत गेलो. तिने काय सांगितलं ते ऐकायला थांबलो नाही.

कवडी संध्याकाळपर्यंत तशीच होती. मुंग्या लागल्या तेव्हा पुतळाने उचलली.

२८ ऑगस्ट, रविवार

आज जे झालं ते नीट लिहून ठेवतो, कारण गावात आतापासूनच तिखटमीठ लावून सांगतायत.

बैठक सुरू झाली होती. पाळी धर्मराजची. नळाचा विषय निघालेला. तेवढ्यात हिरामण आला. दारात उभा राहिला नाही. पांढरा सदरा घातलेला, इस्त्रीचा, केसांना तेल. त्याला असं मी त्याच्या लग्नानंतर पाहिलेलं नाही. चपला काढल्या, सतरंजीवरच्या माणसांमधून वाट काढत सरळ पुढे आला, आणि माझ्या समोरच्या खुर्चीत बसला. हाराच्या खुर्चीत.

बायकांमधून कोणीतरी "अगो बाय" म्हणालं. मेलेल्यांच्या जागेवर जिवंत माणूस. तो मात्र माझ्याकडे बघत होता. थोडा हसत होता, असं मला वाटलं. मला वाटलं, चेष्टा करायला बसलाय. सगळ्या गावासमोर माझ्या शाखेची, माझ्या नियमाची चेष्टा.

अबोला असल्यामुळे मी काकांकडे तोंड करून म्हटलं, "सितारामकाका, त्यांना सांगा, ही खुर्ची बसायची नाही. उठा म्हणावं."

काकांनी सांगायची गरज पडली नाही. समोरच तर होता. त्याचं हसू गेलं. त्याने एकदा खुर्चीकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे. उठला. पाठ लागून हार खाली घसरला होता, तो उचलून नीट होता तसा लावला. "मना वाटला..." एवढंच म्हणाला, कोणाकडे न बघता, आणि चपला हातात घेऊनच निघून गेला.

धर्मराज म्हणाला, "मास्तर, बसू द्यायचं होतं." मी म्हटलं, नियम म्हणजे नियम. नळाचा विषय आजही राहिला.

घरी आई माझ्याशी बोलत नाही. तिला काय झालं आता?

८ सप्टेंबर, गुरुवार

फळ्यांपलीकडून काशीच्या रडण्याचा आवाज आला म्हणून पुतळा धावली. हिरामणचा पाय धक्क्याच्या दगडांवर कालवाच्या शिंपल्यानं कापला होता, आठवडा झाला. हळद दाबून पुन्हा चिखलात उतरत होता. आज सकाळी चहा पिताना तोंड उघडेना. मान ताठली आहे.

पुतळाने मला बाहेर बोलावून सांगितलं. हे मी मुलांना शिकवतो. जखम साबणाने धुवा, सुई टोचून घ्या. फळ्यांच्या पलीकडे मात्र शिकवलं नाही. आईनं मला निरोप विचारला नाही. मीच म्हटलं, "आये, त्याला सांग, गाडी आणतो." आणि धावत टेम्पोवाल्याकडे गेलो.

१० सप्टेंबर, शनिवार

घरोघरी गणपती बसले. आमच्याकडे काशीच्या मुलीनं फुलं वाहिली आणि पुतळाने आरती उरकली. मी दवाखान्यात.

पूल ओलांडून मुंबईत आणलं आहे. धनुर्वातच. अंधाऱ्या खोलीत ठेवलंय. खिडकीला काळं कापड. नर्सनं दारातच सांगितलं, "आवाज करायचा नाही. पेशंटशी बोलायचं नाही. जरा आवाज झाला की झटका येतो." मी मान हलवली.

आत स्टूल होतं. बसलो. दातखीळ बसलेली. दात दिसत होते, हसल्यासारखा चेहरा, पण हसू नव्हतं. डोळे मात्र उघडे, आणि माझ्यावर. खुर्चीत बसला होता तेव्हा जसा बघत होता तसाच. मधे आई नाही, काका नाहीत, कोणी नाही. पाच वर्षांत आम्ही दोघंच असे कधी बसलो नव्हतो. मला बोलायचं होतं. 'हिरा' एवढं तरी. ओठावर आलं होतं. पण नर्सनं नको म्हटलं होतं. नियम.

नियम होता म्हणून मला आतून बरंच वाटलं, हे खरं आहे. कसली माणसं आपण. बोलायला लागू नये म्हणून हायसं वाटलं मला, सख्ख्या भावाच्या उशाशी.

त्याच्या पायावर हात ठेवला, ज्याला जखम नव्हती त्या पायावर. त्याचा अंगठा हलला. तो झटका होता की काय, मला कळलं नाही.

१४ सप्टेंबर, बुधवार

हिरामण गेला.

१५ सप्टेंबर

खाडीच्या बाजूला नेलं. अग्नी मी दिला, त्याला मुलगा नाही. काशीला बायकांनी धरलं होतं. मला कोणी धरलं नाही.

२३ सप्टेंबर, शुक्रवार

गावात एकच कुजबुज आहे. मेलेल्यांच्या खुर्चीत बसला म्हणून गेला. धक्क्यावर, दुकानात, माझ्या कानावर पडेल अशी. मी शाळेत विज्ञान शिकवतो, शिंपल्यानं पाय कापला की काय होतं ते मला ठाऊक आहे. तरी मनात येतं. खुर्ची तर मीच मांडली होती.

आई जेवत नाही धड. सवयीनं दोन्ही घरांत ताट मागते आणि दोन्हीकडे तसंच ठेवते. तिला बघवत नाही. माझं तोंड ती बघत नाही.

२ ऑक्टोबर, रविवार

गांधीजयंती. प्रांत मंडळाच्या यशोदाबाई पुण्याहून आल्या. सत्तरीच्या असतील, खादीचं पातळ, पायात साधी स्लिपर. बैठक रद्द करा असं मी कळवणार होतो, पण राहून गेलं. सगळे आले. धर्मराज लवकर येऊन खुर्च्या मांडून बसला होता. हार काकांनी नवा आणला होता, तो खुर्चीवर चढला.

बाईंनी आत आल्या आल्या विचारलं, "हार कुणाला घातलाय?"

मी सांगितलं. लढाईत गेलेल्यांसाठीची जागा, आमच्याकडे पितरांचं पान असतं तशी. बाईंनी हातातली पिशवी खाली ठेवली. मग म्हणाल्या, "आधी गोष्ट सांगते. ती सांगायलाच आले."

त्यांनी सांगितलं ते असं. एका नदीच्या दोन काठांवर दोन गावं, दोन देशांतली. अलीकडे एक बाई पावाची भट्टी चालवायची. पलीकडे एक नावाडी. लढाईत त्या नावाड्याने आपल्या सैन्याला रात्री नदी उतरवलं, आणि त्या रात्री बाईची दोन्ही मुलं गेली. लढाई संपल्यावर अलीकडच्या सात जणांनी भट्टीवर बसून शांतीची सभा काढली. छान चालली होती, सगळ्यांचं सगळ्यावर एकमत. एक दिवस ती बाई म्हणाली, आपण सगळे एकाच काठचे. ज्याच्याशी वैर आहे तो इथे नाहीच, मग ही शांती आपण कोणाशी करतोय? आणि तिने एक खुर्ची ओढून स्वतःच्या समोर ठेवली. त्या नावाड्यासाठी. तीन हिवाळे खुर्ची रिकामी राहिली. दर बैठकीला ती पुसायची. मग एकदा तो आला. भिजलेला होता. सरळ जाऊन बसला. तिने त्याच्यापुढे पाव ठेवला.

"तोच आमचा स्थापनेचा दिवस," यशोदाबाई म्हणाल्या. "आधीची तीन वर्षं आम्ही मोजत नाही. पुढे मुख्य कचेरी त्या नावाड्याच्याच घरात आली. खुर्ची मेलेल्यांसाठी नाही हो, मास्तर. ज्याच्याशी आपला अबोला आहे त्याच्यासाठी असते. प्रत्येक शाखा तो येण्याची वाट बघते. तुमच्या खुर्चीत आजवर कुणी बसलं का?"

काका सतरंजीची दशी ओढत होते. माझ्याकडे कोणी बघत नव्हतं, आणि त्यांनी बघितलं असतं तर बरं झालं असतं.

शेवटी धर्मराजच बोलला. "बसला व्हता, बाई. एकजन."

बाईंचा चेहरा उजळला. "मग तो तुमच्या शाखेचा स्थापनादिवस. कधी बसले? आहेत का ते इथे?"

मी कार्यवाह. लिहायचं काम माझं. मी वही उघडली आणि २८ ऑगस्ट असं लिहिलं. त्यापुढे काही लिहिता आलं नाही. मी वहीवर डोकं टेकून रडलो, सगळ्यांसमोर, शाळेच्या व्हरांड्यात, जिथे मी मुलांना रडू नका म्हणून ओरडतो. बाईंना कोणी बाजूला नेऊन सांगितलं असावं. माझ्या पाठीवर एक हात होता, तो कोणाचा ते मी पाहिलं नाही.

३ ऑक्टोबर, सोमवार

शाळेत गेलो नाही. काशी मुलीला घेऊन माहेरी गेली आहे, पलीकडची बाजू रिकामी. आई बाजेवर सुकट निवडत बसली होती. मी तिच्या पायाशी जाऊन बसलो आणि विचारलं, "आये, त्या दिवशी मी निरोप दिला होता, दारात उभा राहू नको म्हणून. तू त्याला काय सांगितलंस?"

"तांच सांगला," ती म्हणाली. हात थांबले नाहीत. "दारान उबा कशाला ऱ्हातंस, बोलली मी. दादानं तुज्यासाठी खुर्ची ठेवलीय समोर. सदरा घाल नि जाऊन बस."

ती पुढे म्हणाली, "जालं, बोईटं, सगला असाच नेला मी. तू सांगायचास तां तसाच नेला असता तं तुमी कवाच एकमेकांची डोकी फोरली असती. त्याचा पन तसाच आनला तुज्याकरं. पाच वरसां." तिला त्याची लाज नव्हती. थकवा होता फक्त.

म्हणजे पाच वर्षं आम्ही भांडतही नव्हतो आणि बोलतही नव्हतो. बोलत होती ती एकटी, दोघांच्या वतीनं. आणि नववा नियम सबंध गावात त्या अंगठेबहाद्दर बाईलाच खरा सापडला होता, न वाचता. मला रडू आवरेना. आणि सवयीनं, नुसत्या सवयीनं, तोंडातून निघून गेलं, "आये, त्याला सांग..."

निघून गेल्यावर मी थांबलो. पण आईनं सूप बाजूला ठेवलं होतं. गुडघ्यावर हात ठेवून ती उठायच्या बेतात होती, नेहमीसारखी. "काय सांगू?" तिने विचारलं.

"सांग, खुर्ची त्याचीच होती. मला ठाऊक नव्हतं."

ती उठली. फळ्या धरत धरत पलीकडे गेली. मला भिंतीला कान लावायची गरज नव्हती, सगळं ऐकू येतं. रिकाम्या खोलीत तिचा आवाज घुमला. "हिरा, दादा सांगतोय, खुर्ची तुजीच व्हती. त्याला ठाव नव्हता." पाच वर्षांत पहिल्यांदा तिने माझा निरोप जसाच्या तसा पोचवला, एक शब्द इकडचा तिकडे केला नाही.

मग बराच वेळ तिकडून काही आवाज नाही. मी वाट बघत बसलो, दर वेळी बसायचो तसा. ती आली, बाजेवर बसली, सूप मांडीवर ओढलं आणि पुन्हा सुकट निवडायला लागली.

"काय बोलला?" मी विचारलं.

"बरं बोलला," आई म्हणाली.